मातामायच्या घरचे गुणवंतभाऊ

हातात कलमाचा चाकू असेपर्यंत गुणवंतभाऊ बोलत नसत. तुम्ही समोर उभे राहा, रामराम घाला, तुमच्या घराला आग लागली म्हणून सांगा. संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटात नीट बसवून, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळून, चाकू मातीवर आडवा ठेवल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही. मग ते मान वर करायचे, डोक्याचा रुमाल सारखा करायचे आणि म्हणायचे, "हं, बोला आता. काय म्हनून राहिले होते?"

मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या भेटीत मी दहा मिनिटं त्यांच्यासमोर उन्हात उभी होते आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. माझी आई म्हणायची, आमच्या नसरीनच्या नाकावर माशी बसत नाही, कारण तिथं आधीच राग बसलेला असतो. पुढं ओळख वाढल्यावर मी त्यांना त्या दहा मिनिटांबद्दल विचारलं तर म्हणाले, "पातं अन् जीभ दोनी संगं चालवू नये बाई. दोनातलं एक तरी चुकते, अन् जखम दुसऱ्याले होते."

मी अकोटची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते, आम्ही भावंडं शिकलो मराठी शाळेत. नर्सबाई म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती शेंदूरजनाघाटच्या पलीकडच्या एका लहानशा गावात. चहूकडे संत्र्याच्या बागा, आणि बागांच्या कडेनं कलमांच्या रोपवाटिका. महिन्यातून एकदा अंगणवाडीत लसीकरण असायचं. गाव त्याला टोचणीचा बुधवार म्हणायचं. माझ्या पहिल्या बुधवारी यादीत चौदा लेकरं होती. आली दोन. घरोघर फिरून आयांना बोलावून आणणारी आमची आशाताई वंदना खाली मान घालून म्हणाली, "बाई, सारे गुनवंतभाऊच्या तोंडाकडे पायतेत. त्याईच्या घरी टोचत नाहीत ना."

म्हणून मी लशीचा डबा खांद्याला लटकवून तरातरा त्यांच्या रोपवाटिकेत गेले होते. चाकू खाली ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "नवीन नर्सबाई काय? कुठच्या?"

"अकोटची. भाऊ, गावानं लेकरं टोचू नये असं तुमी सांगता म्हने?"

"मी?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मी काऊन सांगू? मले आजलोक कोनी इचारलंच नाही."

"मंग मी इचारून राहिली."

ते हसले. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे हसू लहान मुलासारखं दिसायचं. "मंगळवारी सांगतो," म्हणाले, आणि पुन्हा चाकू उचलला. म्हणजे भेट संपली.

मंगळवार हा मातामायचा वार. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली तिचा शेंदूर लावलेला दगड आहे. गोवर, कांजण्या हे सगळं तिचंच येणं, असं गाव मानत आलेलं. कुणाच्या लेकराच्या अंगावर पुरळ उठलं की गुणवंतभाऊंना बोलावणं जायचं. ते तांब्याभर पाणी आणि निंबाची डहाळी घेऊन जायचे, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे, डहाळी दाराला बांधायचे आणि घरच्यांना सांगायचे, "पाहुनी आली. पाच दिस राहीन, मान घेईन, जाईन." त्या पाच दिवसांत त्या घरात फोडणी नाही, तळण नाही, केस विंचरणं नाही. बाहेरच्यानं आत जायचं नाही, आतल्यानं उंबरा ओलांडायचा नाही. पुरळ मावळलं की निंबाच्या पाण्यानं आंघोळ, आणि येईल त्या मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य. तो झाल्यावरच घर मोकळं. पिढ्यान्‌पिढ्या हा मान गुणवंतभाऊंच्या घराण्याकडे होता.

त्या मंगळवारी दर्शनाला आलेल्या बायांना त्यांनी जे सांगितलं, ते वंदनानं मला शब्दाला शब्द ऐकवलं. "तुमच्या घरी मातामाय पाहुनी हाय. पाहुनीले निरोप धाडता येते बाई, का अवंदा येऊ नको, घरी अडचन हाय. तिले राग नाही येत. जा, टोचून आना लेकरं."

पुढच्या टोचणीच्या बुधवारी तेरा लेकरं आली. गुणवंतभाऊ स्वतः अंगणवाडीच्या दाराशी चवड्यावर बसून होते. रडणारं बाळ ते आपल्या हातात घ्यायचे, आणि मी सुई टेकवणार तेवढ्यात त्याच्या कपाळावर हलकी फुंकर मारायचे. बाळ दचकून क्षणभर गप्प व्हायचं, तेवढ्यात माझं काम उरकायचं. इतकी वर्षं नोकरी झाली, ही युक्ती मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवली नव्हती. मी आजही ती वापरते.

यादीतलं चौदावं नाव त्यांच्याच घरचं होतं. त्यांची नात, रेणुका. तेव्हा दोन महिन्यांची.

"अन् तुमच्या घरचं, भाऊ?" मी डबा आवरता आवरता विचारलं.

"बाकीच्याईच्या घरी थे पाहुनी हाय बाई. आमच्या घरी घरधनीन हाय. घरधनीनीलेच दाराबाहेर ठेवता येते काय?"

आवाजात हट्ट नव्हता, भांडण नव्हतं. घरातली वडीलधारी बाई जेवल्याशिवाय आपण जेवत नाही, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्यांना स्वतःला टोचलेलं नव्हतं, मुलगा राजूला नव्हतं. राजूची पाठची बहीण लहानपणीच गेली, ती कशानं गेली हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अकोटला आमच्या मोहल्ल्यात माझ्या सख्ख्या मामूनं पोलिओचे थेंब पाजणाऱ्यांना दारातून परत पाठवलं होतं. "अल्लाहनं पुरं करून धाडलेल्या लेकरात आपण काय भर घालणार?" हे त्यांचं म्हणणं. मी तेव्हा शिकत होते. मी मामूच्या अंगणात उभी राहून अशी भांडले की शेजारपाजारचे गच्चीवर आले. शेवटी मामीनं आतून बाळ माझ्याकडे दिलं आणि मी स्वतः त्याच्या तोंडात थेंब पाडले. मामू सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, मग ईदला बोलले. तिथं मी भांडू शकले, कारण ते घर माझं होतं. इथं मी परगावची, परधर्माची. देवीच्या घरात मुसलमान नर्स जबरदस्ती करते, एवढं एक वाक्य गावातून निघून तालुक्याला पोचायला वेळ लागला नसता. दिवस कसे आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी घाबरत होते, हे साधं खरं आहे. त्या भीतीला मी बरीच वर्षं 'दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान' असं म्हणत आले.

एकदाच मी वाद घातला. हिवाळा होता, डोळे बांधायचा हंगाम. मी विचारलं, "भाऊ, जंबेरीवरच कलम काऊन बांधता? संत्र्याचं बी लावलं तर झाड येत नाही काय?"

"येते नं. पन मातीतला डिंक्या त्याले खाऊन टाकते. सालीतून डिंक गयते अन् झाड बसते. जंबेरीचा खुंट तग धरते. अन् डोया जमिनीपासून वीतभर वर बांधला का रोग त्याच्यापर्यंत पोचत नाही."

"मंग हे टोचनंच झालं ना. रोग याच्या आंधी झाडाले चीर देता, चांगलं ते आत घालता, वरून बांधता. तुमी तर माह्याहून मोठे डॉक्टर निंगाले."

त्यांनी चाकू उचलला. एक खुंट झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. उभी चीर, आडवी चीर, साल अलगद उघडून डोळा आत सरकवायचा, पट्टी. मी जिंकले असं मला वाटत होतं. मग चाकू खाली आला.

"बरोबर बोलल्या तुमी. पन झाड माहं हाय बाई. लेकरू तिचं हाय. मी नुसता राखनदार."

निघताना त्यांनी माझ्या स्कूटीच्या डिकीत संत्री भरली. "अकोटच्या कापसावानी कोरडं बोलता तुमी. खा, जरा रस येऊ द्या," म्हणाले. मी हसले. मी वादात हरून हसत हसत घरी आले, हे मला आता आठवलं तरी लाज वाटते.

रेणू माझ्या डोळ्यांदेखत मोठी होत होती. गावातली बाकीची लेकरं माझी स्कूटी दिसली की आईच्या पदरात तोंड खुपसायची. रेणू धावत यायची. पुढं उभी राहायची, हॉर्न वाजवायची, मला 'नसलीनबाई' म्हणायची. गावात मला न भिणारं ते एकच लेकरू, कारण मी तिला कधी टोचलंच नव्हतं. गुणवंतभाऊंचा तिच्यावर जीव होता. चाकू हातात असताना ते तिच्याशीही बोलत नसत, पण ती पाठीवर चढून बसायची आणि ते तिला पाठीवर घेऊन वाफ्यावाफ्यातून सरकत डोळे बांधायचे.

तिची आई सीमा मोर्शीची. तिच्या दंडावर लहानपणीच्या लशीचा वण होता. रेणू दीड वर्षाची असताना एका दुपारी ती उपकेंद्रात आली, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "बाई, चूपचाप टोचून द्या ना. मामाजीले समजू देत नाही मी."

डबा समोर होता. सुई होती. दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, "सीमा, चोरून नको. ताप आला, गाठ आली, तर समजनच. मंग काय म्हनतीन लोकं? आंधी त्याईले तयार कर." ती लेकराला कडेवर घेऊन गेली. जिच्याशी तिचे मामाजी सासऱ्यासारखे नाही, बापासारखे वागत, ती त्यांना काय तयार करणार होती? आणि मी कसल्या प्रामाणिकपणाचा आव आणला होता?

पुढं तालुक्याहून यादीचा तगादा सुरू झाला. नकार देणाऱ्या प्रत्येक घरी साहेब येणार, सरपंच येणार, पोलीस पाटील येणार, फोटो निघणार. माझ्या यादीत नकाराचं एकच घर होतं. ज्या माणसानं मला सगळं गाव आणून दिलं, त्याच्या ओट्यावर ही वरात न्यायची माझी हिंमत झाली नाही. मी रजिस्टरमध्ये रेणूच्या नावावर आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला: स्थलांतरित. कुठं गेली, असा एक रकाना होता. त्यात पेन आपोआप चाललं. अकोट. त्या महिन्यात माझ्या गावाचं काम शंभर टक्के झालं म्हणून बैठकीत माझं नाव घेतलं गेलं, टाळ्या झाल्या.

रेणू चार वर्षांची झाली त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आसपासच्या गावांत गोवर निघाला. साहेब माणसं घेऊन आले. यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन राहिलेला डोस द्यायचा, जीवनसत्त्वाचं औषध पाजायचं. मी पुढं, ते मागं. गुणवंतभाऊंच्या घराशी साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "इथं कोणी नाही ना?"

"नाही साहेब. बाहेरगावी गेले."

घरात तेव्हा कुणी नव्हतं, सगळे वाफ्यात होते. पण ओट्यावर रेणूच्या लाल चपला पडल्या होत्या. मी दोन पावलं सरकले आणि चपलांच्या पुढं उभी राहिले. साहेब पुढच्या घराकडे वळले.

दहा-बारा दिवसांनी वंदना धावत आली. गुणवंतभाऊंच्या दाराला डहाळी लागली होती, त्याला तीन दिवस झाले होते. मी गेले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले, कारण बाहेरच्यानं आत जायचं नाही. गुणवंतभाऊ उंबऱ्याच्या आत उभे राहिले. मध्ये दोन हातांचं अंतर.

"आली बाई," ते म्हणाले. "गावभर हिंडून शेवटी सोताच्या घरी आली." त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी होतं. मी त्याला आनंद म्हणणार नाही. लांबच्या प्रवासाला गेलेलं आपलं माणूस परत आल्यावर दिसतं तसं काहीतरी.

"पोरगीले पाहू द्या मले, भाऊ."

"दोन दिस. मंग निंबाच्या पान्यानं मोकळी होईन."

मी औषधाच्या पुड्या उंबऱ्यावर ठेवल्या. त्या तिथंच राहिल्या असाव्यात. मी आत गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. हात धरला नव्हता, शिवी दिली नव्हती. समोर नुसती एक लाकडी पट्टी होती आणि मी तिचा मान राखला.

पाचव्या दिवशी पुरळ मावळलं. पहाटे निंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण पाहुणी म्हणा, घरधनीण म्हणा, ती समाधानानं बसली होती. गोवर हा असा घात करतो. अंगावरचे डाग फिके होतात, घरच्यांना वाटतं गेला, आणि तो तोवर छातीत उतरलेला असतो. रेणू खोकत होती. गार पाण्याची सर्दी, असं सगळे म्हणाले. वार शनिवार होता. नैवेद्य मंगळवारी, तोवर घर मोकळं नाही.

रविवारी सकाळी सीमानं मागच्या दारातून वंदनाला हाक मारली. या वेळी मी पुढच्या दारानंच गेले. चपला काढायचं भान राहिलं नाही, तशीच डहाळीखालून आत गेले. रेणू आजोबांच्या मांडीवर होती. तिच्या बरगड्यांच्या मधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. मी घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला अडुसष्ट. ओठ निळसर.

"गाडी काढ राजू," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

राजूनं बापाकडे पाहिलं. गुणवंतभाऊ म्हणाले, "मंगळवारी निवद झाला का नेतो बाई. दोनच दिस."

"भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज अगदी लहान होता, "पोरगी मंगळवारलोक राहीन काय?"

"नाही."

एवढंच. गेल्या चार वर्षांत मी त्यांना एकदाही असा एका शब्दात जवाब दिला नव्हता. गुणवंतभाऊ उठले, रेणूला छातीशी धरलं आणि अनवाणी उंबरा ओलांडून बाहेर आले. त्यांच्या घराण्यात नैवेद्याआधी तो उंबरा कुणी ओलांडला नव्हता. त्यांना हे करायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी चार वर्षं ज्याला डोंगर समजत होते, तो माणूस खरं ऐकल्यावर अर्ध्या मिनिटात हलला.

मोर्शीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. गुणवंतभाऊंनी तिचा हात धरून ठेवला आणि सुई जाताना तिच्या कपाळावर फुंकर मारली. त्या घरातल्या लेकराला टोचलेली ती पहिली सुई. ती रडली नाही, दचकलीही नाही. तिथल्या डॉक्टरांनी लगेच अमरावतीला न्यायला सांगितलं आणि अँब्युलन्स दिली. गाडीत भाऊ सबंध वेळ तिच्या कानाशी वाकून बोलत होते. मला वाटलं तिच्याशीच बोलताहेत. जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं, "सोड वं माय तिले. मले धर. म्हातारा हाओ, पन मले धर. तिले सोड."

मोर्शी मागं टाकून अर्धा तास झाला असेल. पायाशी बसलेल्या सीमाला आधी कळलं. मग सगळ्यांना.

या मृत्यूची चौकशी झाली. यादीत नसलेलं लेकरू गावात आलं कुठून, असा प्रश्न होता. साहेब माझ्यावर ओरडले, मग खुर्चीत टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अकोटला गेलं होतं ना? परत आलं असं लिहा. तिकडूनच घेऊन आलं." मी लिहिलं. एका कागदावर चार ओळी. रेणूनं आयुष्यात अकोट पाहिलं नव्हतं. तिला तालुकासुद्धा धड ठाऊक नव्हता. माझ्या कागदात ती माझ्याच गावाहून रोग घेऊन आली होती.

गुणवंतभाऊ मला एक शब्द बोलले नाहीत. तेराव्याला मी गेले, त्यांनी मला पाणी दिलं. मातामायच्या दगडावर पाणी घालायला ते जात होते, पण डहाळी बांधायला कुणाच्या घरी गेले नाहीत. बोलावणं आलं तर म्हणायचे, "नर्सबाईकडे जा. मले आता तिची बोली समजत नाही." रोपवाटिकेत काम मात्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत करायचे. वंदना म्हणाली, चाकू खालीच ठेवत नाहीत.

मधल्या काळात सीमाला मुलगी झाली. दीड महिन्यानं टोचणीच्या बुधवारी सीमा बाळाला घेऊन अंगणवाडीत आली. तिच्या मागोमाग दहा पावलांवर गुणवंतभाऊ होते. ते पायरीवर बसले. हातात चाकू होता. तिथं ना खुंट ना डोळा, नुसता चाकू, पातं मिटलेलं. मी सीमाकडे पाहिलं, तिनं सासऱ्याकडे. ते बोलणार नव्हते. हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून ते चाकू घेऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं. मी बाळाला टोचलं. फुंकर मीच मारली.

सीमा गेली. बाकीच्या बाया गेल्या. गुणवंतभाऊ उठून आत आले आणि त्यांनी चाकू माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या शेजारी ठेवला.

"आमची रेनू अकोटले गेली होती, असं तुह्या कागदात हाय म्हने."

पहिल्यांदाच त्यांनी मला तू म्हटलं. मी मान हलवली.

"थे कुठंच गेली नोती. इथंच होती. माह्या पाठीवर होती. तिचं नाव लिव."

"भाऊ, आता खोडून लिहिलं तर माह्यी नोकरी..."

"तुह्यी नोकरी तू पाय. मले माह्या नातीचं नाव पायजे."

त्या नोकरीचं पुढं जे व्हायचं ते झालं. बदलीवर निभावलं. मी आता अकोटजवळ असते, आणि गुणवंतभाऊ गेल्याचं वंदनानं मागच्या हिवाळ्यात फोनवर सांगितलं. वाफ्यातच बसले होते म्हणे, डोळा बांधता बांधता. हातात चाकू होता, म्हणून कितीतरी वेळ कुणी हाक मारली नाही.

त्या बुधवारी मी जुनं पान उघडलं. आडव्या रेघेखाली तिचं नाव पुन्हा लिहिलं.

"वाच," ते म्हणाले.

"रेणुका राजू. वय चार वर्षं. राहणार याच गावात. लस दिली नाही."

"काऊन नाही दिली, थे लिव."

"काय लिहू?"

"लिव, आज्यानं नाही म्हटलं."

मी लिहिलं. ते वाकून अक्षरांकडे पाहत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओळ केवढी झाली ते दिसत होतं. मी कागदावरून पेन उचललं नाही. त्याच्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली.

"हे काय लिवलं अजून?"

मी वाचून दाखवलं, "आणि नर्सनं ते लपवलं."

गुणवंतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा चाकू उचलला.